दोन दिवसांत कोल्हापूर खायचं तर: वार, वेळ आणि पोटाची जागा

शनिवार-रविवार गाडी काढून कोल्हापूरला खायला येणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा हॉटेल चुकल्याने होत नाही, वेळ चुकल्याने होते. इथं प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. मिसळ सकाळची, भेळ संध्याकाळची, मटण रात्रीचं किंवा रविवार दुपारचं, धारोष्ण दूध पहाटे नाहीतर दिवेलागणीला. ही वेळ सांभाळली की दोन दिवसांत सगळं पोटात बसतं. नाही सांभाळली तर दुपारी एक वाजता मिसळीच्या रांगेत आणि रात्री साडेदहाला मटणाच्या हॉटेलात, दोन्हीकडे ‘संपलं’ ऐकावं लागतं.

पुण्याहून अंतर साधारण 230 किलोमीटर. सातारा ते कागल रुंदीकरणाचं काम चालू असेल तर जागोजागी वळणं लागतात, म्हणून पाच तास धरूनच निघा. पहाटे साडेपाचला निघालात तर साडेदहाच्या सुमारास गावात याल आणि मिसळ गाठता येईल. वाटेत साताऱ्याच्या आसपास चहा आणि एखादं बिस्किट, बस्स. हायवेवर पोहे, वडा, इडली असा भरपेट नाश्ता झाला की कोल्हापूरच्या पहिल्या ताटाला पोटात जागाच उरत नाही. अख्खा मसूर खायचाच असेल तर तो परतीच्या वाटेवर पेठ नाक्याच्या बाजूला खा. गरम भाकरी किंवा रोटीबरोबर तो चांगला लागतो आणि नंतर गाडी चालवायला जडही होत नाही.

मिसळ

उद्यमनगरातली फडतरे आणि कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही दोन नावं बाहेरच्यांना ठाऊक असतात. पण जवळपास प्रत्येक पेठेत तिथल्या लोकांची एक ठरलेली मिसळ असते. सकाळी दहाच्या सुमारास जिथं कामावर जाणारे उभ्याउभ्या खाताना दिसतात, तिथं बेलाशक शिरा. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं बरं.

प्लेटमध्ये तळाला मटकी, कुठं बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. कट (तिखट, पातळ रस्सा) वेगळा किंवा वरून ओतलेला, आणि सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. इथली चूक ठरलेली आहे: सगळा कट एकदम ओतायचा आणि फोटो काढत बसायचं. तीन मिनिटांत चिवड्याचा लगदा होतो. कट थोडा थोडा घ्या, चमचा तळातून वर आणा, आणि कुरकुरीतपणा आहे तोवर खा. ब्रेडची स्लाइस अर्धी दुमडून फक्त टोक बुडवायचं. पूर्ण बुडवली तर ती वाटीतच राहते. कट संपला की मागायला लाजू नका, बहुतेक ठिकाणी पुन्हा देतात.

तिखट सोसत नसेल तर कटावरचा लाल तवंग चमच्याने बाजूला करा. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून तो तवंगातच जास्त असतो. त्याच कारणाने जीभ पोळल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, दही किंवा दूध घ्यावं लागतं. दोन मिसळी एकाच सकाळी करायच्या असतील तर पहिल्या ठिकाणी दोघांत एक घ्या.

त्यानंतर दुपारी जेवू नका. अंबाबाईचं दर्शन, भवानी मंडप, महाद्वार रोडची खरेदी यात तीन-चार तास जातात. फारच भूक लागली तर थंड काहीतरी घ्या. इथं ‘कॉकटेल’ मागितलं की आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली आणि सुकामेवा घातलेला ग्लास मिळतो. सोळंकीचं नाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. दारूशी त्याचा काही संबंध नाही, पोरांना बिनधास्त द्या.

संध्याकाळी पाचनंतर खासबाग मैदानाच्या परिसरात राजाभाऊंची भेळ, किंवा रंकाळ्यावर कुठलीही. दोघांत एक, त्याहून जास्त नाही. चिंचेचं पाणी आणि चिरमुरे पोटात फुगतात आणि दोन तासांनी मटण यायचं असतं.

मटणाचं ताट

शनिवारी रात्रीच खा, रविवारी दुपारी नको. रविवार हा गावाचा मटणाचा वार. दुपारी बारा ते अडीच हॉटेलांत उभं राहायला जागा नसते, आणि ताट संपवून पाच तास गाडी चालवणं म्हणजे स्टिअरिंगवर डुलक्या. शनिवारी साडेसातला टेबलावर बसा. आठनंतर रांग लागते. दख्खनी थाटाच्या मोठ्या हॉटेलांत ओपल, देहाती ही नावं जुन्या लोकांच्या तोंडी आहेत, साध्या खानावळीत पद्मा गेस्ट हाउस. मटण कुठलं चांगलं, असं गावात विचारलंत तर तिघांकडून तीन नावं येतील आणि तिघंही भांडतील. चालायचंच.

ताटात सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, बहुतेक ठिकाणी खिमा किंवा अंडं, दही-कांदा, भाकरी किंवा चपाती आणि शेवटी भात येतो. रस्सा पुन्हा पुन्हा मिळतो, मटण मोजून येतं. चौघांसाठी चार ताटं मागवण्यापेक्षा तीन मटण ताटं आणि एक मटण लोणचं बरं पडतं, पण काही ठिकाणी एका ताटात दोघांना जेवू देत नाहीत. बसण्यापूर्वीच विचारा. भाकरी एकेक मागवा. सगळ्या एकदम आणल्या की तिसरी चामड होते.

आधी पांढरा प्या, गरम असतानाच. मटण हळद-मिठात शिजवून जी आळणी निघते, तिच्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू यांचं वाटण घालून हा रस्सा होतो. चांगला पांढरा पातळ असतो आणि त्याला हाडाच्या रसाची चव असते. दाट, गुळगुळीत, खिरीसारखा आला तर आळणी कमी आणि काजू किंवा पीठ जास्त, असं समजा. कणी पडून फुटलेला दिसला तर नारळाचं दूध घातल्यावर जोरात उकळलाय. निवला की वर चरबीची साय धरते, तेव्हा वाटी समोर ठेवून गप्पा मारू नका.

तांबड्यात रंग आणि तिखटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लालभडक दिसणारा रस्सा अनेकदा सौम्य असतो, कारण रंग ब्याडगी मिरचीचा. घशाला खवखव लागली तर मसाला कच्चा राहिलाय, मागे कडवट चव राहिली तर खोबरं करपलंय. इथलं घरगुती वळणाचं जेवण पुण्या-मुंबईतल्या ‘कोल्हापुरी’पेक्षा कमी तिखट आणि जास्त खमंग लागतं. ‘व्हेज कोल्हापुरी’ तर इथल्या घरात कुणी करत नाही. शाकाहाऱ्यांनी भरलं वांगं, पिठलं, खर्डा-भाकरी मागावी.

रक्ती, मुंडी, वजडी, पाया हे पदार्थ सगळीकडे आणि रोज नसतात. खायचेच असतील तर सकाळीच हॉटेलला फोन करून सांगून ठेवा.

रविवार: दूध, गूळ आणि एकच दिशा

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. समोर धार काढतात आणि फेसाळता ग्लास हातात देतात. हे दूध तापवलेलं नसतं, त्यामुळे लहान मुलं, गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि ज्यांना दूध बाधतं त्यांनी हा मोह टाळावा. बाकीच्यांनी अर्ध्या ग्लासाने सुरुवात करावी. रात्री मटणावर लगेच दूध नको, सकाळी रिकाम्या पोटी घ्या.

मग एकच दिशा धरा, पन्हाळा किंवा नरसोबाची वाडी. दोन्ही एका दिवसात करून पुण्याला परतायचं ठरवलंत तर दोन्हीकडे घाईच होते.

पन्हाळा वीसेक किलोमीटर. गडावर चुलीवर झुणका-भाकर, खर्डा, दही, कांदा मिळतो. भाकरी समोर थापून घ्या, आधीच भाजून ठेवलेली घेऊ नका. अकराच्या आत गेलात तर चुलीपाशी जागा मिळते. जोतिबा वाटेतच पडतो. दिवाळीनंतर मार्चपर्यंत या पट्ट्यात गुऱ्हाळं चालतात. काहिलीत (मोठ्या उथळ कढईत) रस उकळायला लागला की वर मळी येते. भेंडीच्या चिकाने ती गोळा करून काढतात. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, आणि ती गोळी जमली की काहिली उतरते. त्या वेळी पाक साधारण 118 अंशांचा असतो, उकळत्या पाण्याहून गरम. मुलांना काहिली आणि वाफा या दोन्हींपासून लांब ठेवा, आणि चाखायला मागितलेला गरम गूळ ऊस किंवा काडीवर घेऊन फुंकून खा. विचारून आत जा, आधण उतरताना मध्ये उभं राहू नका. घ्यायचा असेल तर तांबूस-काळसर गूळ घ्या. फार पिवळाधमक दिसणारा बहुधा हायड्रोस पावडर टाकून उजळलेला असतो. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते नाव छापलं म्हणून ढेप चांगली निघेलच असं नाही. तुकडा तोडून बघा, कण दाणेदार हवेत आणि जिभेवर खारट लागता कामा नये.

वाडी 45 किलोमीटरच्या आसपास, जयसिंगपूरवरून. जयसिंगपुरात भडंग, वाडीत बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी. गुरुवारी आणि पौर्णिमेला दत्ताच्या दर्शनाची गर्दी असते. पावसाळ्यात कृष्णेला पूर असेल तर पाणी देवळात येतं, निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा.

सणाचं जेवण

हे हॉटेलात मिळत नाही, त्याच्या तारखेलाच यावं लागतं. सगळ्यात चांगली संधी म्हणजे मार्गशीर्षातली आंबील यात्रा. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या रेणुकेहून मानाचे जग (देवीच्या टोपल्या) परतल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेला लोक घरून नैवेद्य आणतात आणि देवळाच्या आसपास बसून जेवतात: आंबील, घुगऱ्या, वरणं-वांग्याची भाजी, मेथी, भाकरी, दहीभात, तोंडी लावायला गाजर, कांद्याची पात, लिंबू. बाहेरून आलेल्यालाही हाक मारून बसवतात. आपल्या डब्यातून काहीतरी घेऊन गेलात तर देवाणघेवाण सोपी होते. आंबील दोन पेले पिण्याआधी एक पिऊन बघा, आंबवलेल्या पिठाची सवय नसेल तर पोट गुडगुडतं.

आषाढात मंगळवार-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक (पिपाणी-ढोल) वाजवत त्र्यंबोलीच्या टेकडीवर जातं, आणि त्याला जोडून पेठापेठांत, तालमींत मटणाच्या पंगती उठतात. त्या आमंत्रणाच्या असतात, ओळख असेल तरच जा. शुक्रवारची रजा काढलीत तर शनिवार-रविवारला जोडून हे जमतं. गौरीची वडी-भाकरी तर पूर्ण घरातलीच.

चैत्र यात्रेला जोतिबावर खाण्यासाठी जाऊ नका. गाड्या खालीच अडवतात आणि वर गुलालात पाऊल ठेवायला जागा नसते. नवरात्रातही मटणाचा बेत नको. घरं उपवासाची असतात, अंबाबाईच्या आसपास गाडी लावणं अशक्य होतं आणि दर्शनाच्या रांगेतच दिवस जातो. ते आठवडे साबुदाणा आणि वरीच्या तांदळाचे.

घरी नेताना

कांदा-लसूण चटणी अर्ध्या किलोच्या वर घेऊ नका. तिच्यात खोबरं आणि तीळ असतात, फार दिवस राहिली की खवट वास येऊ लागतो. काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. प्लास्टिकचा डबा कायमचा लाल होतो. चौघांच्या भाजीला दोन चमचे पुरे. तिच्यात मीठ असतं, भाजीत नेहमीसारखं मीठ घातलं की हमखास खारट होते. काकवीची बाटली गळ्यापर्यंत भरून घेऊ नका. उन्हात तापलेल्या डिकीत ती फसफसते आणि झाकण उडतं. बासुंदी तर पुण्यापर्यंत नेऊच नका, बर्फाचा डबा नसेल तर वाडीतच संपवा.