आधी व्हॅक्यूम शिका: पेलेट्रॉनवर टेक्निशियनचं काम

आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं मला विचारतात, कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर काम करायचं तर फिजिक्स किती लागतं? थोडं लागतं, आणि ते कामावर शिकता येतं. व्हॅक्यूम मात्र हातात मुरावं लागतं. त्याची तयारी आधीपासून करा.

मी ज्या पेलेट्रॉन यंत्रावर काम करतो ते मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) आणि टीआयएफआर यांचं हे एकत्रित यंत्र 1989 पासून चालू आहे. उभी उंच टाकी, तिच्या आत मध्यावर टर्मिनल (उच्च व्होल्टेजचा धातूचा भाग), आणि त्यावर जास्तीत जास्त 1 कोटी 40 लाख व्होल्ट. वरून ऋणभारित आयन (विद्युतभार असलेले अणू) टर्मिनलकडे ओढले जातात. तिथे कार्बनच्या अतिशय पातळ फॉइलमधून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन निघतात, ते धनभारित होतात आणि तेच टर्मिनल त्यांना खाली ढकलतं. एकाच व्होल्टेजचा दोनदा उपयोग! मला ही युक्ती अजूनही तितकीच आवडते.

बीमच्या, म्हणजे आयनांच्या झोताच्या, नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या एक अब्जांशापेक्षाही कमी ठेवावा लागतो. हवेचे रेणू उरले तर आयन त्यांच्यावर आदळून वाटेतच वाया जातात. आतल्या भागाला उघडा हात लागला तर तो तेलकट डाग कितीतरी दिवस वायू सोडत राहतो. म्हणून हातमोजे घालायचे, धागे न सुटणारं कापड वापरायचं, तांब्याची गॅस्केट (सांध्यात बसणारी कडी) दर वेळी नवी घ्यायची, आणि फ्लँजचे (नळ्यांच्या तोंडाशी असलेल्या जोडचकत्यांचे) बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. घाईने एक बाजू आधी आवळली की सांधा गळणारच.

दाब उतरत नसेल तर व्हॉल्व्ह बंद करून पंपाचा संबंध तोडा आणि दाबाचं गेज बघत बसा. दाब एकाच गतीने चढत राहिला तर लीक समजा. आधी चढून मग मंदावला, तर आतल्या पृष्ठभागातून वायू सुटतोय. तिथे सांधे खोलून काही मिळणार नाही, पंपिंग चालू ठेवा. लीक असेल तर हेलियम ओळखणारा लीक डिटेक्टर जोडून हेलियमची बारीक धार एकेका सांध्यावर धरायची. हेलियम वर चढतो, म्हणून सुरुवात वरच्या सांध्यापासून. भरमसाट गॅस सोडला तर डिटेक्टर ओरडतो, पण कुठल्या सांध्यामुळे ते कळत नाही. या कामात जो शांत राहतो तोच पुढे चांगला टेक्निशियन होतो, असं माझं ठाम मत आहे.

टाकी उघडायची तेव्हा शिस्त आणखी कडक. आत स्पार्क रोखण्यासाठी उच्च दाबाचा सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू असतो. तो आधी साठवणटाकीत ओढून घ्यायचा, कारण महाग आहे आणि हवामानाला कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी घातक आहे. तो हवेच्या पाचपट जड. तळाशी साचतो, त्याला वास नाही, रंग नाही. ऑक्सिजन मोजल्याशिवाय आणि परवान्यावर सही झाल्याशिवाय कोणीही, कितीही अनुभवी असो, आत उतरत नाही. काम आटोपून टाकी बंद झाली की व्होल्टेज हळूहळू चढवायचं. त्या वेळी स्पार्क आणि व्हॅक्यूम दोन्हींवर नजर हवी.

शिफ्टमध्ये टर्मिनलवर भार वाहून नेणाऱ्या चेनचे करंट, पाण्याचं तापमान, गेजची रीडिंग असं सगळं लॉगबुकात जातं. ते मन लावून लिहा. बिघाड होण्याआधी आकडे हळूहळू सरकतात, आणि जुनी पानं चाळणाऱ्यालाच ते दिसतं. बीमची वाट पाहत विद्यापीठांतून आलेले विद्यार्थी रात्रभर डिटेक्टरपाशी जागे असतात. त्यांच्या पीएचडीचे तास तुमच्या हातात असतात.

शिरकाव कुठून? बीएआरसीच्या स्टायपेंडियरी ट्रेनीच्या (विद्यावेतनावरच्या प्रशिक्षणार्थींच्या) जाहिराती बघा: डिप्लोमा आणि बीएस्सीसाठी एक गट, आयटीआय आणि बारावी सायन्ससाठी दुसरा. इंदूरला आरआरकॅट या केंद्रात इंडस-2 हा अ‍ॅक्सिलरेटर आहे, दिल्लीत आययूएसी या संस्थेचं पेलेट्रॉन, कोलकात्यात व्हीईसीसी या केंद्राचा सायक्लोट्रॉन (कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र). फिटर, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, रेफ्रिजरेशन या ट्रेडना इथे खरं काम आहे. कॅन्सर रुग्णालयांतली रेडिओथेरपीची लिनॅक यंत्रंही अ‍ॅक्सिलरेटरच. त्यांच्या सर्व्हिसिंगमध्ये पगार बहुधा बरा असतो, पण यंत्र बंद पडलं की रुग्ण बाहेर ताटकळतात, त्यामुळे फोन रात्रीही येतो. मोठ्या यंत्रावर जागा मिळाली नाही तर व्हॅक्यूम पंप दुरुस्त करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये वर्षभर काम करा. रोटरी पंप स्वतः उघडून जोडलेला उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो.