धरणाचं जर्मन: पहिलं काम हातात घेण्याआधी

जर्मनची बी-टू पातळी झाली, तांत्रिक भाषांतराची कामं सुरू केली आणि नेमकं धरणाचं काम आलं, तर शब्दकोश नंतर उघडा. आधी धरणाच्या छेदाचं ड्रॉइंग मागवा.

इंग्रजी ‘डॅम’ कशालाही चालतो. जर्मन अभियंता मात्र आधी बघतो, बांधलंय कशाचं. दगडी किंवा काँक्रीटची भिंत असेल तर ‘श्टाउमाउअर’, माती-दगडाचा भराव असेल तर ‘श्टाउडाम’. भिंत, जलाशय, सांडवा असं सगळं मिळून ‘टालश्पेरे’. म्योनेचं धरण, १९४३ साली ब्रिटिश बाँबहल्ल्यात फुटलेलं, ही दगडी श्टाउमाउअर. बव्हेरियातलं सिल्वेनश्टाइन म्हणजे भरावाचा श्टाउडाम. इंग्रजी मजकुरात नुसतं ‘डॅम’ असेल आणि ड्रॉइंगही नसेल, तर सरळ एजन्सीला विचारा. असे प्रश्न विचारणाऱ्यालाच पुढची कामं मिळतात, असं माझं मत आहे.

‘वेअर’ आणि ‘वेर’ कानाला सारखेच लागतात, म्हणून नवखे तिथे थांबतच नाहीत. आपल्या पाटबंधाऱ्याच्या इंग्रजीत वरून पाणी वाहणारा पक्का बंधारा म्हणजे वेअर, आणि दारं असली की बॅरेज. जर्मन दोन्हींना ‘वेर’च म्हणतात, फक्त आधी ‘स्थिर’ किंवा ‘हलता’ असं विशेषण लावतात. (आपल्या के.टी. वेअरला, म्हणजे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यालाही बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात-काढतात, तेव्हा आपला नियमही काही फार कडक नाही!) नदीवर वेर, जहाजांसाठी लॉक (जहाज खालच्या-वरच्या पातळीला नेणारा पाण्याचा कप्पा) आणि वीजघर एकत्र असेल तर तो ‘श्टाउश्टूफे’.

मला सगळ्यात आवडणारी जोडी म्हणजे ‘वासरझाइटे’ आणि ‘लुफ्टझाइटे’. शब्दशः पाण्याची बाजू आणि हवेची बाजू. इंग्रजीत ती अपस्ट्रीम आणि डाउनस्ट्रीम फेस होते. ‘एअर साइड’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला विमानतळ आठवेल.

‘श्यूट्स’पाशी मात्र चांगलं थांबा. पाणी अडवणारं, वर-खाली सरकणारं दार म्हणजे श्यूट्स. कंट्रोल पॅनेलमधला काँटॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा स्विच, तोही श्यूट्स. धरणाच्या दुरुस्तीच्या निविदेत हे दोघं एकाच फाइलमध्ये भेटतात, यंत्रसामग्रीच्या भागात एक आणि विजेच्या भागात दुसरा. ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे जुनी भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणारं सॉफ्टवेअर, एकाचं भाषांतर निमूटपणे दुसऱ्याला चिकटवते आणि पॅनेलमध्ये पाण्याचं दार बसतं. वर पूररक्षणातला ‘शुट्स’, म्हणजे संरक्षण, वेगळाच. त्याला दोन टिंबं नसतात आणि स्कॅन केलेल्या जुन्या कागदावर टिंबं हमखास उडालेली असतात.

संदर्भासाठी मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा, म्हणजे आयकोल्डचा, बहुभाषिक कोश हाताशी ठेवा. जर्मन व्याख्यांसाठी डिन १९७०० हे जर्मन मानक. ते विकत घ्यावं लागतं, पण सतत ही कामं करणार असाल तर घ्याच.

आणि आकडे. जर्मन कागदावर दाराची रुंदी १२,५०० मीटर दिसली तर ते साडेबारा मीटरचं दार आहे. स्वल्पविराम तिथे दशांशचिन्ह असतो. शेवटचा हात फिरवताना मी शब्द बाजूला ठेवून फक्त आकडेच वाचतो.