शाळेतल्या मुलांना औषधाची चिठ्ठी, स्ट्रिप आणि पाकीट वाचायला कसे शिकवावे

आठवीतली एक मुलगी आपल्या अव्वाला, म्हणजे आजीला, घेऊन दवाखान्यात गेली होती. अव्वाला तेलुगू येते, मराठी थोडीफार कळते, वाचता मात्र येत नाही. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे '१-०-१' असे लिहिलेले होते. मुलीने त्याचा अर्थ 'आज एक, उद्या नाही, परवा एक' असा लावला आणि अव्वाला आठवडाभर दिवसाआड गोळी दिली. पचनसंस्थेची आकृती नावांसह बिनचूक काढणारी ही मुलगी. पण '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे तिला शाळेत कोणी सांगितलेच नव्हते.

सोलापुरात, विशेषतः पूर्व भागातल्या विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांत, मराठी वाचणारी व्यक्ती पुष्कळदा शाळेत जाणारे मूलच असते. घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते आणि केसपेपर, चिठ्ठी, गोळ्यांची स्ट्रिप हे सगळे तेराचौदा वर्षांच्या मुलाच्या हाती दिले जाते. म्हणून आरोग्यसाक्षरतेचा तास शरीराच्या अवयवांपासून सुरू न करता घरात येणाऱ्या कागदांपासून आणि पाकिटांपासून सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे. माहिती मिळवणे, ती समजणे, तिची पारख करणे आणि ती वापरणे या चारही गोष्टी त्यातून आपोआप शिकवल्या जातात.

पहिल्या तासासाठी मुलांना घरून औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप आणायला सांगावे. गोळी असलेली एकही स्ट्रिप वर्गात येऊ देऊ नये. आणलेल्या स्ट्रिप एकाच खोक्यात, नावे न विचारता टाकायला सांगाव्यात, कारण औषधावरून घरातला आजार ओळखू येतो आणि तो वर्गात उघड होणे योग्य नाही. मग खोक्यातली एकेक स्ट्रिप गटांना देऊन चार गोष्टी शोधायला लावाव्यात: मोठ्या अक्षरांतले, कंपनीने औषधाला दिलेले नाव, त्याखालचे औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम ते, आणि एक्स्पायरीची तारीख. क्रोसिन आणि डोलो ही दोन नावे वेगळी दिसली तरी दोन्हींत पॅरासिटामॉलच असते, हे मुलांनी स्वतः वाचून शोधले की त्यांना फार आश्चर्य वाटते. तापात एक गोळी घरातली आणि दुसरी शेजाऱ्यांकडची घेतली, तर एकाच औषधाचा दुप्पट डोस पोटात जातो आणि त्याचा भार यकृतावर पडतो, ही गोष्ट त्याच क्षणी सांगावी. काही स्ट्रिपवर एक्स्पायरी सापडणारच नाही, कारण सुट्या गोळ्या कापून देताना तारखेची बाजू दुकानातच राहिलेली असते. अशा वेळी दुकानदाराकडून तारीख बिलावर लिहून घ्यावी, हे मुलांना शिकवावे. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. प्रतिजैविकांचा उरलेला अर्धा कोर्स पुढच्या आजारासाठी जपून ठेवणे का चुकीचे आहे, हेही याच रेघेपाशी थांबून समजावता येते.

त्यानंतरचा तास बोलण्याचा ठेवावा. एक मूल डॉक्टर, एक मूल आजी आणि एक मूल नातवंड अशी तिघांची जोडणी करावी. नातवंडाने तीन प्रश्न विचारायचे: आजीला काय झाले आहे, घरी काय करायचे, आणि ते का करायचे. खरे महत्त्व मात्र शेवटच्या पायरीला आहे. 'समजले का?' असे विचारले की प्रत्येक जण मान डोलावतो. म्हणून नातवंडाने ऐकलेले सगळे आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगायचे, आणि घरी गेल्यावर आजीने ते नातवंडाला परत सांगायचे. हा सराव तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत ज्याच्या त्याच्या घरच्या भाषेत होऊ द्यावा. 'जेवणापूर्वी' आणि 'जेवणानंतर' यांत गल्लत कुठे होते, हे तेव्हाच कळते.

सोलापूरचा उन्हाळा लक्षात घेता ओआरएसचे पाकीट मार्चपूर्वीच वर्गात वाचून घ्यावे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, तरी अनेक घरांत ते ग्लासभर पाण्यात थोडेथोडे टाकले जाते. इतके दाट पाणी जुलाब झालेल्या लहान मुलाला अपायकारक ठरते. लिटरची बाटली आणून मुलांच्या हातून एकदा मोजून मिसळून घ्यावे आणि तयार पाणी २४ तासांत संपवायचे असते, हे बाटलीवर वेळ लिहून दाखवावे.

खाऊच्या पाकिटासाठी गणिताच्या शिक्षकांची मदत घ्यावी. समजा, पाकीट ५२ ग्रॅमचे आहे आणि मागे १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे. म्हणजे पाकिटात ४१६ मिलिग्रॅम सोडियम झाले. त्याला अडीचने गुणले की सुमारे एक ग्रॅम मीठ होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मधल्या सुट्टीतल्या एका पाकिटाने त्यातला पाचवा हिस्सा संपतो, हे फळ्यावर आकड्यांत दिसले की वेगळे भाषण करावे लागत नाही.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीबाबत मुलांशी मोकळेपणाने बोलावे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. ती जेवणानंतर घ्यायची, लगेच चहा प्यायचा नाही, आणि शौचाला काळसर झाले तर घाबरायचे नाही. हे आधी सांगितले नाही, तर काळी शौच पाहून घाबरलेल्या एका घरातून 'गोळीने विषबाधा' असा संदेश व्हॉट्सॲपवर निघतो आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग गोळी खिडकीबाहेर टाकतो. असा संदेश आलाच, तर तो वर्गातच वाचावा. लिहिणारा कोण, दिवस आणि गाव दिले आहे का, तो काही विकू पाहतो का, आणि आरोग्य केंद्रातल्या कोणी ते खरे म्हटले आहे का, हे मुलांनीच तपासावे.

तंबाखूचा विषय सोलापुरात फार जपून घ्यावा लागतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३च्या कायद्याने बंदी आहे, हे अवश्य सांगावे. पण समोर बसलेल्या मुलीची फी आईने वळलेल्या विड्यांतून भरली गेली असेल, हे शिक्षकाने क्षणभरही विसरू नये. तिच्या घरावर बोट न ठेवता तिला उपयोगी पडेल ते सांगावे: तंबाखूची सुपली स्वयंपाकापासून आणि तान्ह्या बाळापासून लांब ठेवणे, विड्या वळून झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच जेवणे, खोलीची खिडकी उघडी ठेवणे.

मासिक पाळी, वयात येताना होणारे बदल आणि मनावरचा ताण यांसाठी कुलूपबंद प्रश्नपेटी ठेवावी आणि दर शनिवारी मुलामुलींसमोर एकत्र उत्तरे द्यावीत. ज्या चिठ्ठीतून मूल धोक्यात असल्याचे जाणवेल, ती वर्गात वाचू नये. अशा मुलांसाठी १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा आणि १०९८ ही बालकांची हेल्पलाइन, तर अपघातासाठी १०८ हे क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्यावेत, आणि फोन लागल्यावर पहिले वाक्य काय बोलायचे याचा सराव एकदा मोठ्याने करून घ्यावा: माझे नाव हे, मी सोलापुरातून या चौकाजवळून बोलतोय, आणि इथे असे झाले आहे.