देवळातल्या निर्माल्याचं खत करताय? मग आधी वासाचं बघा

आमच्या वस्तीतल्या महादेवाच्या मंदिरात सहा वर्षांपासून निर्माल्याचं खत करून राहिलो आणि दर श्रावणात कोणी ना कोणी येऊन सांगतंच, भाऊ अमुक पावडर आणा, चार दिवसांत खत. काही आणू नका. विटांमध्ये बोटभर फटी ठेवून तीन फूट लांब-रुंद-उंच हौद बांधा, तळाशी नारळाच्या शेंड्या अंथरा, झालं. हारांचे दोरे, जरी, अगरबत्तीचे पुडे वेचायचं काम पोट्ट्यांना द्या, प्रसाद जास्त मिळतो म्हटलं की करतात.

आता खरी भानगड. पहिल्या श्रावणात आम्ही सोमवारचा सगळा बेल अभिषेकाच्या दुधापाण्यासकट हौदात ओतला. ओलं बेलपान एकावर एक चिकटून असं बसतं की मधात हवाच जात नाही. पाचव्या दिवशी भजनाच्या बाया नाकाला पदर लावून बसल्या अन् अध्यक्ष काकाजी म्हणाले, "हे उद्याच्या उद्या तलावात नेऊन टाका." अरे बाप्पा, तलावात जाऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप होता!

वास आला म्हणजे आत हवा नाही, आणि हवेशिवाय सडलं की मिथेन बनतो. त्याला स्वतःला वास नसतो, पण वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साईडच्या साधारण 80 पट उष्णता धरतो. नागपुरातल्या भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगात होतं तेच देवळामागे करायचं तर कशाला घाम गाळता?

म्हणून बेल रात्रभर जाळीवर निथळू द्या, सकाळी कापा, आणि एक घमेलं ओल्याला दीड-दोन घमेली सुका पाला टाकाच, इथे कंजुषी केली की मेलात. पावसाळ्यात सुका पाला कुठेच मिळत नाही, तेव्हा फेब्रुवारी-मार्चात कडुनिंब झडतो तेव्हाच पोती भरून ठेवा. लकडगंजातल्या आरामशीनीचा भुसा चालतो, प्लायवूडचा नको, त्यात गोंद असतो. मिश्रण मुठीत दाबा: दोन-चार थेंब आले तर बरोबर, धार लागली तर अजून पाला. तिसऱ्या दिवशी लोखंडी सळई मधात खुपसून पाच मिनिटांनी काढा, हाताला चांगली गरम लागली पाहिजे. नाही लागली तर फावडं घ्या आणि उलथवा, तसंही दर चार दिवसांनी उलथवायचंच आहे.

विरजण म्हणून जुनं शेणखत पुरतं. मे महिन्यात 45 डिग्रीत ढीग कोरडा ठाक होतो, पाणी शिंपडत राहा. दोन-अडीच महिन्यांनी चाळून घ्या.

पुजारीबुवा आधी अडून बसले होते, "देवाचं फूल कचऱ्यात?" मग हौदाचं भूमिपूजन त्यांच्याच हातून केलं, आता तेच कोणी प्लास्टिक टाकलं तर ओरडतात.

आणि शेजारच्या मारुतीचे रुईचे हार कोणी आणून दिले तर घेऊ नका. बऱ्याच शेंदरात शिसं असतं, आमचं खत लोक मेथी-पालकाला नेतात.