हात वर करून मतदान: या चुका टाळा

"बाजूने कोण? हात वर करा. झालं, मंजूर!" इतक्या बैठकांत हे ऐकलंय की आता मी लगेच उभी राहून विचारते, "विरोधात कोण? तटस्थ कोण?"

एकदा आमच्या गटात वर्गणी वाढवायचा ठराव होता. हजर 31 जण, बाजूने 14 हात. बैठक चालवणाऱ्यांनी उरलेले 17 विरोधात धरले आणि ठराव फेटाळला. बाहेर पडताना एकेकाला विचारलं तेव्हा कळलं, विरोधात फक्त 9 जण होते. बाकी 8 जणांना दोन्ही चाललं असतं. आमचा नियम दिलेल्या मतांच्या बहुमताचा, तटस्थ त्यात मोजत नाहीत, म्हणजे 14 विरुद्ध 9 ने ठराव मंजूर झाला होता! तो पुन्हा मांडेपर्यंत दोन महिने गेले आणि तिघांनी येणंच सोडलं. तेव्हापासून मी तिन्ही आकडे मोठ्याने सांगायला लावते आणि बेरीज हजेरीशी ताडून पाहते. जुळली नाही तर पुन्हा हात वर, मग कोणी कितीही घड्याळ बघो.

नजरेने अंदाज बांधू नका. स्वित्झर्लंडच्या ग्लारुस कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या एका प्रांतात) हजारो लोक मैदानात जमून मतदान करतात, तिथे अंदाजावर निकाल देणं समजू शकतं. तीस जणांत एकेक हात मोजायचा कंटाळा कशाला? दोघांनी वेगवेगळं मोजावं, "खाली" म्हणेपर्यंत हात वरच राहावेत. कोपरातून अर्धवट उचललेला हात दिसला की मी थांबून विचारते, "हे मत आहे ना?"

ज्येष्ठांचा हात आधी वर गेला की बाकीचे शेजारी बघून हात उचलतात. 1950च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी एका प्रयोगात लोकांना गटात बसवून रेषांची लांबी ओळखायला दिली होती. गटातले बाकी सगळे आधी ठरल्याप्रमाणे मुद्दाम चुकीचं उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा लोक त्यांच्यामागे गेले. उत्तर डोळ्यांसमोर असूनही! म्हणून वजनदार माणसांना मी आधीच सांगून ठेवते, तुम्ही शेवटी हात करा. आणि माणसाची निवड असेल तर हात नकोतच, चिठ्ठ्या टाका. नवखे पाच मिनिटं वाचवायला उघड मत घेतात आणि हरलेल्याला कोणी नाकारलं ते सगळ्यांसमोर दाखवतात. मला हे अजिबात पटत नाही.

"न करण्याच्या बाजूने कोण?" असं कधीही विचारू नका, हात वर म्हणजे हो की नाही तेच कळत नाही.

पर्याय तीन असतील तर एकाला एकच हात की प्रत्येक पर्यायाला, हे आधी ठरवा. समसमान मतं पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत धरायचं की ठराव पडला म्हणायचं, हेही हात वर जाण्याआधीच लिहून ठेवा.