आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामन्यासाठी पोशाखाचे रंग कसे ठरवावेत

संघाच्या पोशाखाची जबाबदारी प्रथमच स्वीकारणारा व्यवस्थापक बहुधा दोन जर्सी शेजारी ठेवतो आणि एक लाल व दुसरी हिरवी आहे एवढे पाहून निश्चिंत होतो. प्रत्यक्षात मैदानावर रंगांचे दोन नव्हे, तर पाच गट उतरतात: दोन्ही संघ, दोन्ही गोलरक्षक आणि सामनाधिकारी. खेळाच्या नियमांतील चौथ्या नियमानुसार दोन्ही संघांचे रंग एकमेकांहून आणि सामनाधिकाऱ्यांहून वेगळे ओळखता आले पाहिजेत, तर प्रत्येक गोलरक्षक इतर सर्व खेळाडूंहून आणि सामनाधिकाऱ्यांहून निराळा दिसला पाहिजे. कोणता रंग चालेल हे हा नियम सांगत नाही, आणि रंग जुळल्यास माघार कोणी घ्यावी हेही सांगत नाही. ते स्पर्धेच्या नियमावलीत असते. म्हणून पहिले काम म्हणजे ती नियमावली वाचणे आणि आपला मुख्य व पर्यायी पोशाख मुदतीत नोंदवणे.

दोन पोशाखांपैकी एक निःसंदिग्धपणे फिकट आणि दुसरा निःसंदिग्धपणे गडद असावा. रंगाच्या नावापेक्षा त्याची छटा महत्त्वाची मानावी, हा या कामातला सर्वांत उपयोगी नियम आहे, आणि नवखी माणसे सर्वांत आधी तोच विसरतात. पिवळा आणि पांढरा हे वेगळे रंग खरे, पण दोन्ही फिकट. २०१४च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात पिवळ्या ब्राझीलसमोर जर्मनी नेहमीच्या पांढऱ्याऐवजी लाल-काळ्या पट्ट्यांत उतरली. याउलट लाल आणि हिरवा डोळ्यांत भरण्याइतके भिन्न वाटतात, तरी युरोपीय वंशाच्या पुरुषांत दर १२ जणांमागे सुमारे एकाला रंगांधत्व असते आणि त्यांपैकी अनेकांना हेच दोन रंग सारखे भासतात. २०१८च्या विश्वचषकाच्या सलामीला लाल रशिया आणि हिरवा सौदी अरेबिया समोरासमोर आले, तेव्हा अशा प्रेक्षकांची अडचण झाल्याची टीका झाली होती.

परीक्षा सोपी आहे. दोन्ही पोशाख एकाच प्रकाशात ठेवावेत, फोनवर छायाचित्र काढावे आणि ते कृष्णधवल करून पाहावे. दोन्ही सारखेच करडे दिसले तर एक बदलावा. घामाने किंवा पावसाने भिजलेले कापड अधिक गडद दिसते, त्यामुळे फिकट निळा किंवा राखाडी रंग काठावरच असेल तर जर्सी ओली करूनही पाहावी.

यानंतर शॉर्ट्स आणि मोजे तपासावेत. मोज्यांना कमी लेखू नये, कारण चेंडूला शेवटचा स्पर्श कोणाच्या पायाचा झाला हे गर्दीत ठरवताना पंचांना अनेकदा तेवढाच आधार असतो. मोज्यांवर बाहेरून चिकटपट्टी लावायची असल्यास ती मोज्याच्या त्या भागाच्याच रंगाची हवी. जर्सीखालील बनियन बाहीच्या मुख्य रंगाचा असावा किंवा बाहीची नक्षी त्यात तंतोतंत उतरलेली असावी. शॉर्ट्सखाली घट्ट चड्डी घालायची झाल्यास ती शॉर्ट्सच्या मुख्य रंगाची किंवा शॉर्ट्सच्या सर्वांत खालच्या भागाच्या रंगाची चालते, पण एकाच संघातील खेळाडूंनी ती एकाच रंगाची घालावी लागते. पट्टेदार जर्सीवरचा क्रमांक दुरून वाचता येतो का, हे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून पाहावे.

गोलरक्षकासाठी किमान दोन, शक्यतो तीन रंग सोबत न्यावेत. दोन्ही गोलरक्षकांच्या जर्सी एकाच रंगाच्या निघाल्या आणि दोघांकडेही दुसरी नसेल, तर पंच सामना होऊ देतात. ही सवलत मात्र इतर खेळाडूंशी किंवा सामनाधिकाऱ्यांशी रंग जुळल्यास लागू नाही. क्रमांक नसलेली एक गोलरक्षक-जर्सीही ठेवावी, कारण बदली खेळाडू संपल्यावर गोलरक्षक जायबंदी झाला किंवा त्याला लाल कार्ड मिळाले, तर संघातल्याच कोणाला तरी गोलसमोर उभे राहावे लागते.

सामन्यापूर्वीच्या बैठकीत सामनाधिकाऱ्यांच्या रंगासह पाचही गटांचे रंग ठरवून ते लेखी घ्यावेत. तरीही दुसरा पोशाख मैदानावर नेण्याचे टाळू नये. १९७८च्या विश्वचषकात मार देल प्लाता येथे फ्रान्सचा निळा आणि हंगेरीचा लाल हे रंग कृष्णधवल दूरचित्रवाणीवर सारखेच दिसले असते, म्हणून बदल सुचवण्यात आला होता. प्रत्यक्षात दोन्ही संघ पांढरे पोशाख घेऊन आले. सामना लांबला, जवळच्या किंबर्ली क्लबकडून हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी आणाव्या लागल्या आणि त्याच उसन्या पोशाखात फ्रान्सने तो ३-१ असा जिंकला.