थार विकायची की ठेवायची? आधी वही काढा

तीन दरवाजांची थार घेताना वावरापर्यंतच्या पांदणीची सबब छान होती. काळ्या मातीचा चिखल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना ताकद, घरच्यांनाही पटलं. पण पांदण चिखलाची असते पावसाळ्यात. मायला यवतमाळला दवाखान्यात न्यायचं असतं बाराही महिने. सीट चारच, अन् मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून चढायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सांगून बघा.

म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवा. नोंदी दोनच: फोर बाय फोरचं लिव्हर खरंच किती वेळा ओढलं, अन् माणसं मावत नाहीत म्हणून शेजाऱ्याची बोलेरो किती वेळा मागितली. एक महिना पावसाळ्यातला, एक लग्नसराईतला धरा. नुसत्या श्रावणात लिहिलं तर थारच जिंकणार. दुसरा आकडा मोठा निघाला तर विका.

विकताना मालकी बदलाच्या फॉर्म 29 अन् 30 वर सही करून मोकळे होऊ नका. आरसी नव्या मालकाच्या नावावर चढल्याचं स्वतः बघा. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी अन् फॉर्म 35 देऊन आरसीवरचा कर्जाचा बोजा आधी उतरवा. चुलतभावाला देत असाल तरी हेच, तिथे तर जास्तच.